प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या नीलेतील गुठळी : पहिल्या रात्रीचे एक प्रकरण

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रक्तवाहिन्यांमध्ये निर्माण होणारी गुंतागुंत फारशी वारंवार दिसत नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या नीलेत, म्हणजे त्यातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत, गुठळी होण्याचे प्रमाण बहुतेक प्रकाशित अनुभवांत शेकडा चारच्या आत आहे. तरीही पहिल्या आठवड्यात नवे मूत्रपिंड गमावण्याच्या कारणांमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे. शरीराने अवयव नाकारण्यास सुरुवात केली तर औषधे देऊन वाट पाहता येते, मूत्रवाहिनीच्या जोडणीतून गळती झाली तर नळी ठेवून सावरता येते. पण रक्ताचा मार्गच बंद झाला तर निर्णयासाठी मिळणारा वेळ तासाभराच्या आसपासच असतो. तो तास कसा वापरला जातो, यावरच पुढचे सारे अवलंबून राहते. म्हणून या प्रकरणात मी घटनेच्या पहिल्या काही तासांवर अधिक रेंगाळणार आहे.

येथे मांडलेला रुग्ण म्हणजे कोणी एक ओळखता येणारी व्यक्ती नव्हे. प्रत्यारोपण विभागात अशा घटना ज्या क्रमाने घडतात तो क्रम, त्यातील निर्णय आणि त्या निर्णयांमागची कारणे तपासता यावीत, यासाठी हे प्रकरण अभ्यास म्हणून रचले आहे.

रुग्ण, दाता आणि बाजूची निवड

रुग्ण ३४ वर्षांचा पुरुष. दीर्घकालीन ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमुळे (मूत्रपिंडातील गाळण्यांच्या दाहामुळे) दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली, दोन वर्षांपासून डायलिसिस सुरू, रक्तदाब तीन औषधांवर १५०/९० च्या आसपास. स्वतःची लघवी दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षाही कमी होती. ही नोंद वरवर किरकोळ वाटते, पण प्रत्यारोपणानंतर पिशवीत जमा होणारी लघवी नव्या मूत्रपिंडाची आहे की जुन्या, हे ठरवायला तिच्याशिवाय दुसरा सोपा आधार नसतो. त्याच्या कागदपत्रांत आणखी एक ओळ होती : डाव्या मनगटावरचा डायलिसिसचा फिस्टुला (रोहिणी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) दोनदा गुठळी होऊन बंद पडला आणि नंतर कोपराजवळ नवा करावा लागला. शीर बारीक असल्यामुळे असे झाले असावे, असे त्या वेळी गृहीत धरले गेले होते.

दाता त्याची ५७ वर्षांची आई. रक्तगट एकच, क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का याची चाचणी, निगेटिव्ह. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार आई जवळच्या नातेवाइकांत मोडत असल्याने परवानगीची प्रक्रिया सरळ होती. खरा प्रश्न आला तो कोणत्या बाजूचे मूत्रपिंड घ्यायचे हा. सर्वसाधारणपणे शल्यचिकित्सक डावे मूत्रपिंड पसंत करतात, कारण डावी नीला महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) पुढून ओलांडून अधोमहाशिरेला (पोटातील मुख्य शिरेला) मिळते आणि त्यामुळे ती सहा ते दहा सेंटिमीटर लांब भरते. उजवी नीला मात्र थेट महाशिरेत शिरत असल्याने दोन ते चार सेंटिमीटरच असते. या आईच्या डाव्या मूत्रपिंडाला जवळपास सारख्या जाडीच्या दोन रोहिण्या (रक्त आत आणणाऱ्या धमन्या) होत्या, तर उजव्याला एकच. दोन रोहिण्या जोडणे म्हणजे दोन जोडण्या, अधिक वेळ आणि रोहिणीत गुठळी होण्याचा वाढलेला धोका. त्यामुळे उजवे मूत्रपिंड घेण्याचे ठरले. दोन्ही पर्यायांना किंमत होती आणि माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. मात्र दुर्बिणीतून उजवे मूत्रपिंड काढताना महाशिरेच्या बाजूने स्टेपलर (शीर बंद करून कापणारे उपकरण) लावावा लागतो आणि त्यात आधीच आखूड असलेल्या नीलेचा सुमारे एक सेंटिमीटर आणखी खर्ची पडतो. या निर्णयाची किंमत तेथे मोजली गेली.

शस्त्रक्रिया

नवे मूत्रपिंड रुग्णाच्या उजव्या श्रोणिखातात (ओटीपोटाच्या उजव्या खोलगट भागात), उदरपोकळीच्या आवरणाबाहेर बसवण्यात आले. फ्रान्समध्ये शल्यचिकित्सक रने क्यूस यांनी १९५१ मध्ये वापरलेली ही जागा आज जगभर रूढ आहे. येथे श्रोणीतील मोठ्या रक्तवाहिन्या जवळ, मूत्राशय जवळ, आणि गरज पडल्यास काही मिनिटांत पुन्हा जखम उघडून मूत्रपिंडापर्यंत पोहोचता येते. त्या रात्री ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

आधी नीला बाह्य श्रोणी नीलेला आणि मग रोहिणी बाह्य श्रोणी रोहिणीला जोडली गेली. मूत्रवाहिनी मूत्राशयात आत स्टेंट (बारीक नळी) ठेवून जोडली. क्लॅम्प (रक्तवाहिन्यांवरचे चिमटे) सोडताच मूत्रपिंड एकसारखे गुलाबी आणि घट्ट झाले, आणि टेबलावरच लघवी येऊ लागली. संध्याकाळी सहाच्या सुमारास रुग्ण अतिदक्षता विभागात आला. शस्त्रक्रियेच्या नोंदीत शेवटून दुसरे वाक्य असे होते की जखम बंद करताना नीला किंचित ताणलेली वाटली, पण प्रवाह चांगला होता.

पहिली रात्र

जिवंत दात्याचे मूत्रपिंड बहुधा लगेच काम सुरू करते आणि पहिल्या रात्री ताशी कित्येकशे मिलिलिटर लघवी होते. जितकी बाहेर जाते तितके द्रव त्या त्या तासाला शिरेतून भरून दिले जाते. म्हणूनच तासागणिक नोंद ठेवली जाते. या रुग्णाची लघवी संध्याकाळी सात वाजता ६०० मिलिलिटर होती आणि रात्री अकरापर्यंत ती ताशी ४५० ते ५५० च्या दरम्यान राहिली. बाराला रक्तदाब १०४/६० भरला. निरोगी माणसाच्या दृष्टीने हा आकडा चिंतेचा नाही. पण ज्याचे शरीर वर्षानुवर्षे १५० च्या दाबाला सरावले आहे आणि ज्याच्या नव्या मूत्रपिंडाचे चेतातंतू तुटलेले आहेत, त्याच्या दृष्टीने तो कमी आहे. ५०० मिलिलिटर सलाईन देऊन दाब १२६ वर आला. एक वाजता लघवी ३८०, दोन वाजता १९०, तीन वाजता ३०, आणि तीही लालसर.

रात्रपाळीच्या परिचारिकेने तीनची नोंद केल्यावर चारची वाट पाहिली नाही. तिने निवासी डॉक्टरला लगेच बोलावले आणि तो येताच तासागणिक नोंदींचा तक्ता दाखवला. एकच आकडा सांगून ती थांबली नाही. हे मूत्रपिंड वाचले असेल, तर त्याचे पहिले श्रेय मी या कृतीला देतो.

अशा वेळी मनात येणारी स्पष्टीकरणे सगळीच वाजवी असतात आणि त्यातच धोका आहे. पहिले म्हणजे कॅथेटर अडकला असेल. लालसर लघवीत बारीक गुठळ्या असतात, त्यामुळे हे वारंवार घडते. ५० मिलिलिटर सलाईनने कॅथेटर धुतला. द्रव सहज आत गेला, तितकाच परत आला, गुठळी निघाली नाही. दुसरे म्हणजे शरीरात पाणी कमी पडले असेल. पण केंद्रीय शिरेतील दाब समाधानकारक होता आणि सलाईन दिल्यानंतरही लघवी घटतच गेली होती. तिसरे म्हणजे मूत्रनलिकांना इजा होऊन मूत्रपिंड तात्पुरते मंदावले असेल. ही स्थिती मृत दात्याच्या मूत्रपिंडात बऱ्याचदा दिसते. परंतु जे मूत्रपिंड सात-आठ तास भरपूर लघवी करत होते, ते दोन तासांत जवळपास थांबण्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. याच सुमारास रुग्ण पोटाच्या उजव्या खालच्या भागात ताण आणि वेदना सांगू लागला. हात लावल्यावर मूत्रपिंड संध्याकाळपेक्षा मोठे आणि टणक लागत होते. ड्रेनमध्ये (जखमेतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) चार तासांत १५० मिलिलिटर रक्तमिश्रित द्रव आला होता आणि हिमोग्लोबिन ९.६ वरून ८.३ वर उतरले होते.

या टप्प्यावर फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देऊन तासभर पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय मानत नाही. नव्या मूत्रपिंडातून सुरू झालेली लघवी अचानक थांबली, तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत रक्तवाहिनीत अडथळा आहे असेच धरून चालावे लागते, आणि तो अडथळा नाही हे दाखवण्याचे काम डॉप्लरचे, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचे असते. लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनने ते होत नाही.

डॉप्लरने काय दाखवले

पावणेचारला सोनोग्राफी यंत्र खाटेजवळ आणले गेले. मूत्रपिंड फुगून १३ सेंटिमीटरचे झाले होते. त्याच्या आतल्या बाजूला, रक्तवाहिन्या जेथे शिरतात तेथे, सुमारे सहा सेंटिमीटर लांबीचा रक्ताचा साठा होता. मूत्रपिंडातील रोहिण्यांमध्ये हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी टोकदार प्रवाह पुढे जात होता आणि प्रसरणाच्या संपूर्ण काळात तो उलटा फिरत होता. नीलेत कोणताही प्रवाह मिळाला नाही.

यातील उलट्या प्रवाहाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. निरोगी मूत्रपिंडात रक्त हृदयाच्या दोन्ही अवस्थांत पुढेच जात राहते, कारण पुढचा मार्ग मोकळा असतो. नीला बंद झाली की रक्त आत येते, पण बाहेर पडू शकत नाही. मूत्रपिंड फुगते, त्याच्या ताठ आवरणाच्या आत दाब चढतो आणि हृदय विसावताच आलेले रक्त मागे ढकलले जाते. केवळ उलटा प्रवाह दिसला म्हणून निदान पक्के होत नाही, कारण नकाराची तीव्र प्रतिक्रिया, मूत्रनलिकांची गंभीर इजा किंवा बाहेरून आलेला दाब यांतही तो दिसू शकतो. त्या तिन्ही स्थितींत नीलेतला प्रवाह मात्र बहुधा शोधल्यावर सापडतो. रोहिणीतच गुठळी झाली असती, तर चित्र निराळे असते : लघवी एकाएकी बंद, सूज आणि वेदना फारशी नाही, आणि डॉप्लरवर संपूर्ण मूत्रपिंडात कोणताच प्रवाह नाही. त्यातून मूत्रपिंड वाचणे नीलेच्या गुठळीपेक्षाही दुर्मिळ आहे.

मूळ जागी असलेल्या मूत्रपिंडाची नीला बंद झाली तर काही रक्त आवरणातील, अधिवृक्काच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) आणि जननग्रंथीच्या शिरांवाटे वळसा घेऊन बाहेर पडू शकते. प्रत्यारोपित मूत्रपिंडाला असा आडमार्ग नसतो, कारण काढतानाच त्या साऱ्या शिरा बांधून तोडलेल्या असतात. एक रोहिणी आत येणारी आणि एक नीला बाहेर जाणारी, एवढ्यावरच त्याचे आयुष्य असते.

सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन) करून खात्री करून घ्यावी, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. ती नाकारली गेली. रुग्णाला खाली नेणे, कॉन्ट्रास्ट देणे आणि अहवाल मिळणे यात किमान चाळीस मिनिटे गेली असती आणि निष्कर्ष काहीही आला असता, तरी वाढता रक्तसाठा आणि बंद नीला यांसाठी जखम उघडावीच लागली असती. रुग्ण शुद्धीत होता. "नवी किडनी धोक्यात आहे, ती वाचवण्यासाठी आत्ताच पुन्हा ऑपरेशन करावे लागेल, आणि वाचली नाही तर ती काढावीही लागेल," एवढेच स्वच्छ शब्दांत त्याला आणि त्याच्या पत्नीला सांगून दोघांच्या सह्या घेतल्या. चार वाजून ३५ मिनिटांनी रुग्ण शस्त्रक्रियागृहात होता.

जखम पुन्हा उघडल्यावर

मूत्रपिंड निळे-काळे, ताठर आणि सुजलेले होते. बहिर्गोल कडेवर आवरणाला एक लहान चीर पडून तेथून रक्त झिरपत होते. आणखी उशीर झाला असता, तर हे मूत्रपिंड फुटून जीवघेणा रक्तस्राव झाला असता. आतल्या बाजूला साठलेले सुमारे २०० मिलिलिटर रक्त काढल्यावर त्याचा उगम एका बारीक, न बांधल्या गेलेल्या शाखेत सापडला. साठा निघताच मूत्रपिंड थोडे सैल पडले, पण रंग परतला नाही. नीला जोडणीपासून मूत्रपिंडाच्या मुखापर्यंत गुठळीने भरलेली होती आणि जोडणीच्या थोडे वर ती दुमडली होती.

घटनाक्रम आता उलगडत होता. आखूड नीला आधीच ताणलेली, मध्यरात्री रक्तदाब उतरल्याने प्रवाह मंदावलेला, शेजारी वाढत जाणाऱ्या रक्तसाठ्याने मूत्रपिंड बाहेरच्या बाजूला सरकवलेले, त्यामुळे नीला आणखी ताणली जाऊन दुमडलेली, आणि अखेर त्या साचलेल्या रक्ताची गुठळी. यातले एकच कारण असते, तर कदाचित काही घडलेही नसते.

येथे दोन मार्ग होते. मूत्रपिंड जागेवरच ठेवून नीला उघडायची आणि गुठळी काढायची, किंवा मूत्रपिंड पूर्णपणे सोडवून बाहेर काढायचे. पहिला मार्ग झटपट होतो, पण आतल्या बारीक शिरांतील रक्त तसेच राहते, मूत्रपिंड शरीराच्या उष्णतेत राहते आणि ताणलेल्या जोडणीचा मूळ दोष कायम राहतो. दुसरा निवडला गेला. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन देऊन क्लॅम्प लावले, दोन्ही जोडण्या सोडवल्या आणि मूत्रपिंड बर्फाच्या भांड्यात ठेवून रोहिणीतून थंड परिरक्षक द्राव सोडला. गुठळी मऊ आणि ताजी होती, ती सलग निघाली. नीलेतून बाहेर पडणारा द्राव आधी गडद लाल, मग फिका आणि शेवटी स्वच्छ झाला. आतल्या लहान शिरा अजून मोकळ्या आहेत, हे त्यावरूनच कळले. द्राव स्वच्छ झाला नसता, तर मूत्रपिंड पुन्हा बसवण्यात अर्थ नव्हता.

तोवर रुग्णाच्या श्रोणी नीलेच्या मागच्या शाखा बांधून तिला मोकळे करण्यात आले, म्हणजे ती वर उचलून घेता येईल आणि आखूड नीलेवर ताण येणार नाही. हीच पायरी पहिल्या शस्त्रक्रियेत घेतली असती तर बरे झाले असते. उजवे मूत्रपिंड बसवताना ही मोकळीक नेहमीच करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही जोडण्या नव्याने झाल्या. क्लॅम्प सोडल्यावर मूत्रपिंड आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि दहा मिनिटांनी जवळपास सर्वत्र गुलाबी झाले. खालच्या टोकाचा एक भाग करडा राहिला. नीलेत प्रवाह असल्याची खात्री टेबलावरच डॉप्लरने केली आणि लहानसा तुकडा तपासणीसाठी घेतला. त्यात रक्त साकळल्याची, ऊतींत रक्त झिरपल्याची आणि मूत्रनलिकांच्या इजेची चिन्हे होती, नकाराची नव्हती.

पुढचे दिवस

गुठळी पुन्हा होऊ नये आणि ताज्या जखमेतून रक्तही वाहू नये, या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध होत्या. रेणुभार कमी असलेले हेपॅरिन मूत्रपिंड बंद असताना शरीरात साठते, म्हणून साधे हेपॅरिन पंपाने, सुरुवातीची मोठी मात्रा न देता, आठ तासांनी सुरू केले. ते थांबवल्यावर परिणाम लवकर ओसरतो आणि गरज पडल्यास प्रोटामिनने उतरवताही येतो. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे त्याची मात्रा काही दिवस कमी ठेवून अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाचा आधार घेतला. हे दुसरे औषध प्लेटलेट घटवते आणि क्वचित हेपॅरिनमुळेही प्लेटलेट घटतात, म्हणून प्लेटलेटची मोजणी रोज झाली. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधून रक्त वाढले, तेव्हा हेपॅरिन बारा तास थांबवावे लागले. ते बारा तास सर्वांनाच जड गेले.

लघवी लगेच आली नाही. हेपॅरिनशिवाय डायलिसिसची चार सत्रे झाली. रोजच्या डॉप्लरमध्ये नीला मोकळी होती आणि प्रसरणकाळातला प्रवाह हळूहळू पुढच्या दिशेला वळू लागला होता. या दुसऱ्या खुणेवर आमची आशा टिकून होती. नवव्या दिवशी २०० मिलिलिटर, अकराव्या दिवशी ९०० मिलिलिटर लघवी झाली आणि डायलिसिस थांबले. घरी जाताना क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते ते रक्तातील टाकाऊ द्रव्य) २.६ होते.

आई त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात स्वतःच्या जखमेसह झोपलेली होती. तिला सकाळी सांगण्यात आले. तिचा पहिला प्रश्न होता, "माझ्याच किडनीत काही खोट होती का?" या प्रश्नाचे उत्तर घाईत देऊन चालत नाही. तिचे मूत्रपिंड उत्तम होते, दोष रक्त बाहेर नेणाऱ्या वाटेत निर्माण झाला, हे चित्र काढून समजावले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले. दात्याच्या मनात उरलेला अपराधभाव पुढे वर्षानुवर्षे टिकतो. माझ्या दृष्टीने त्यावर वेळ देणे हा उपचाराचाच भाग आहे.

रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीचा शोध

दोनदा बंद पडलेल्या फिस्टुलाची ओळ आता पुन्हा वाचली गेली. फिस्टुला बंद पडण्याची कारणे अनेक असतात आणि बहुतेकांत रक्ताचा दोष नसतो. तरीही दुसऱ्यांदा गुठळी झालेल्या रुग्णात प्रत्यारोपणापूर्वी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, प्रथिन सी आणि एस, अँटिथ्रॉम्बिन आणि फॅक्टर पाच लायडेन या रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीशी निगडित घटकांची तपासणी केली असती, तर पहिल्याच दिवशी खबरदारी घेता आली असती. घटना घडून गेल्यावर या तपासण्या अवघड होतात. ताज्या गुठळीत प्रथिन सी, एस आणि अँटिथ्रॉम्बिन खर्ची पडून कमी दिसतात आणि हेपॅरिन सुरू असताना ल्युपस अँटिकोऍग्युलंटचा (अँटिफॉस्फोलिपिड गटातील एका प्रतिपिंडाचा) निकाल भरवशाचा राहत नाही. या रुग्णात त्याच गटातील अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे मध्यम वाढलेली आढळली. एका चाचणीवर निदान करता येत नाही; किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

तोपर्यंत वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) सुरू ठेवले. न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी वॉर्फरिनचा परिणाम बराच वाढवते; दुसऱ्या आठवड्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) ४.८ झाला, तेव्हा मात्रा जवळपास निम्मी करावी लागली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णासाठी दर आठवड्याला आयएनआर तपासणे हा खर्चाचा आणि प्रवासाचा प्रश्न असतो. म्हणून जवळच्या प्रयोगशाळेत तपासणी आणि अहवाल फोनवर, अशी व्यवस्था आधी लावली आणि मगच त्याला घरी सोडले.

तीन महिन्यांनी अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे सामान्य पातळीवर होती आणि अँटिफॉस्फोलिपिड विकाराचे निदान टिकले नाही. क्रिएटिनिन १.८ वर स्थिरावले. खालच्या टोकाचा करडा भाग सोनोग्राफीत आक्रसलेला व्रण म्हणून दिसतो आणि ते नुकसान भरून येणारे नाही. सहाव्या महिन्यात नीला मोकळी असल्याचे पाहून वॉर्फरिन थांबवले आणि कमी मात्रेतील ऍस्पिरिन ठेवले. त्यानंतर त्याचा रक्तदाब पुन्हा वाढताना दिसतो आहे. दुसऱ्यांदा जोडलेल्या रोहिणीत आकुंचन तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी पुढचा डॉप्लर ठरलेल्या तारखेपेक्षा महिनाभर आधी घ्यायचे ठरले आहे.